बेडपॅन उचलणाऱ्या मावशी गप्प का होतात?

नाशिकमध्ये ६० खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्या एका डॉक्टरताईंचा प्रश्न आहे. त्या लिहितात, "आमच्याकडच्या मावशी, मामा, ड्रेसिंगचे ब्रदर कामावर लागतात तेव्हा हौसेने काम करतात. सहा-आठ महिन्यांत सगळं बदलतं. हाक मारली तर ऐकू येत नाही, पेशंटवर खेकसतात, सुई टोचली तरी सांगत नाहीत. एक मावशी तर घरी सांगते म्हणे, की ती ऑफिसात कामाला आहे. पगार दर महिन्याच्या ७ तारखेला देतो. मग हे असं का होतं? त्या मावशीला आता नोटीस द्यायचा विचार आहे."

ताई, नोटीस पंधरा दिवस थांबवा. तोवर एवढंच बघून ठेवा की ही मावशी चहा कुठे पिते.

मी ३१ वर्षं नाशिकच्या वॉर्डांमध्ये काढली. आधी स्टाफ नर्स, मग इन्चार्ज सिस्टर, आणि शेवटची १२ वर्षं संसर्ग नियंत्रणाचं काम. आता लहान-मोठ्या रुग्णालयांत स्टाफला शिकवायला जाते. गेल्या गेल्या मी पँट्रीत डोकावते. तिथे डॉक्टरांचे मग असतात, सिस्टरांचे कप असतात. मावशींचा कप शोधावा लागतो. तो जिन्याखाली मीटरच्या पेटीवर पालथा घातलेला सापडतो, बहुतेक वेळा कान तुटलेला. कुणी वेगळा ठेवला म्हणून विचारलं, तर "असं काही नाही हो, त्याच तिथे ठेवतात" हे उत्तर ठरलेलं. तो कप दिसला की मी सुई टोचल्याची नोंदवही मागवते. ती बऱ्याचदा कोरी असते. ६० खाटांच्या रुग्णालयात वर्षभर कुणालाच सुई टोचली नाही, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी मी मानणार नाही.

तुम्ही ज्याला कामचुकारपणा म्हणताय, त्यातला बराचसा भाग हा कामाला चिकटलेल्या कमीपणापासून माणसाने केलेला स्वतःचा बचाव असतो. आणि तो कमीपणा बाहेरच्या लोकांइतकाच आपण, रुग्णालयातली माणसं, तयार करतो.

यावर अभ्यासही झालेला आहे. एव्हरेट ह्यूज या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये 'घाणेरडं काम' ही कल्पना मांडली. समाजाला जे काम हवं असतं, पण जे करणारा माणूस जवळ नको असतो, ते काम. १९९९ मध्ये अ‍ॅशफोर्थ आणि क्रायनर या दोन अभ्यासकांनी अशा कामामुळे माणसाला चिकटणाऱ्या डागाचे तीन प्रकार सांगितले. शरीराचा डाग म्हणजे मलमूत्र, रक्त, प्रेत. संगतीचा डाग म्हणजे समाजाने बाजूला टाकलेल्या माणसांबरोबरचं काम, किंवा दुसऱ्याची चाकरी. तिसरा डाग नीतीचा, म्हणजे ज्या कामामुळे चारित्र्यावर बोट ठेवलं जातं. रुग्णालयात तिन्ही एका छताखाली नांदतात. ह्यूजने आणखी एक गोष्ट ओळखली होती, की असं काम उतरंडीने खाली सरकवलं जातं. डॉक्टर ते सिस्टरकडे देतात, सिस्टर मावशींकडे, मावशी ठेकेदाराच्या नव्या पोरीकडे. तुमच्या वॉर्डात उलटीचं भांडं कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातं, ते एकदा नीट बघा.

आपल्याकडे याला विटाळाची जोड आहे. आपण अशा गावात राहतो, जिथे लोक लांबून दशक्रियेला आणि अस्थिविसर्जनाला येतात. प्रेताला शिवल्यावर अंघोळ, बाळंतिणीचा विटाळ, सुईणीने ओलांडू नये तो उंबरठा, हे आपल्या घरांत एका पिढीआधीपर्यंत राजरोस होतं, आणि काही घरांत आजही आहे. सफाईचं काम ठरावीक जातींच्याच माथी का आलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. महापालिकांच्या सफाई कामगारांना मिळणाऱ्या भत्त्याचं चालू नावच मुळात 'घाणभत्ता'. पगाराच्या चिठ्ठीवर तो शब्द घेऊन माणूस घरी जातो. तेव्हा तुमची मावशी घरी 'ऑफिसात आहे' म्हणते, यात मला तरी नवल वाटत नाही.

आता वागण्याकडे येते. साधारण २० वर्षांपूर्वी मेडिसिन वॉर्डात माझी नाइट होती. पहाटे पाचच्या सुमारास मावशींनी एका आजोबांचं बेडपॅन काढलं, झाकलं, नेलं. सकाळी साडेसातला मी ओव्हर द्यायला, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवायला, त्यांच्या खाटेपाशी आले, तर आजोबा पांढरेफटक, अंगाला घाम, नाडी १२० च्या वर आणि बीपी ८० वर आलेलं. पोटातला अल्सर वाहत होता. धावपळ झाली, रक्त चढवलं, आजोबा वाचले. दुपारी मी मावशींना विचारलं, "पहाटे संडास कशी झाली होती त्यांना?"

"काळी. डांबरासारखी. वास पण नेहमीचा नव्हता."

वॉर्डात काम केलेल्या कुणालाही कळेल की ही पोटात वरच्या बाजूला रक्त जात असल्याची खूण आहे. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, पण ती अशी चिकट नसते आणि तो वासही नसतो. मावशींना हा फरक माझ्याइतकाच कळत होता, त्यांनी माझ्याहून जास्त बेडपॅनं पाहिली होती. मी म्हटलं, "मग सांगितलं का नाही?" त्या खाली बघून म्हणाल्या, "मागे एकदा राउंडला सांगायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, तुला कुणी विचारलं? तुझं काम कर."

ते वाक्य डॉक्टर बोलले तेव्हा मी फाइल हातात घेऊन तिथेच उभी होते. मी काही बोलले नव्हते. ते दोन-अडीच तास आजोबांचं रक्त वाहत राहिलं त्यात त्या डॉक्टरांइतका माझाही हात आहे, असं मला आजही वाटतं.

म्हणून ताई, हाक मारल्यावर न येणं, खेकसणं या गोष्टी तुम्हाला दिसतात. सगळ्यात महाग पडतं ते न बोलणं, आणि ते दिसतच नाही. लघवीचा रंग, कफातलं रक्त, चादर बदलताना माकडहाडावर दिसलेला लाल चट्टा, रात्री रडणारा पेशंट, हे आधी त्यांना दिसतं. हे काम हलकं मानलं, की काम करणाऱ्याचा शब्दही हलका होतो. मग ती माणसं शब्द वापरायचंच सोडून देतात.

सुईचंही असंच होतं. एका रुग्णालयात ड्रेसिंगच्या ब्रदरला वापरलेली सुई टोचली. त्याने पाण्याखाली बोट धरलं, वर पट्टी लावली आणि गप्प बसला. मला पाचव्या दिवशी कळलं, तेही त्याने जेवण टाकलं म्हणून. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, शक्यतो पहिल्या दोन तासांतच, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ती वेळ टळून गेली होती. मी रागावले, तेव्हा एआरटी सेंटरचं, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्राचं, नाव काढून तो म्हणाला, "सिस्टर, एआरटी सेंटरच्या रांगेत मला कुणी पाहिलं असतं तर? लग्न ठरतंय माझं." तपासण्या सगळ्या निगेटिव्ह आल्या. पण ते सहा महिने त्या पोराने कसे काढले ते मी जवळून पाहिलंय.

आकडे तुमच्या स्टाफला नीट सांगा. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता हजारात ३ च्या आसपास. हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटची टोचली आणि लस घेतलेली नसेल, तर ती शंभरात ६ ते ३०. घाबरतात सगळे पहिल्याला, आणि दुसऱ्याची लस मात्र राहून जाते. कारण पहिल्यात बदनामी आहे, दुसऱ्यात फक्त आजार. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, कामावर घेताना आणि मग दर वर्षी आरोग्य तपासणी, हे लिहिलेलं आहे. ठेकेदाराची माणसंही त्यात आली. तुमच्या ठेकेदाराच्या मावशींचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस झालेत का, ते कागद काढून तपासा.

पेशंटवर खेकसण्याचं सांगते, आणि हे सांगताना मला त्रास होतो. ज्याला वरून कमी लेखलं जातं, तो खाली कुणीतरी शोधतो. लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी, दारू पिऊन पडलेला, एचआयव्हीचा पेशंट, स्टेशनवरून उचलून आणलेला बेवारस म्हातारा. हे आले की वॉर्डातला सगळ्यांत दबलेला माणूस एकदम आवाज चढवतो. चांगल्या सिस्टरांनी एचआयव्हीच्या पेशंटच्या खाटेला लाल स्टिकर लावलेले मी पाहिलेत. त्या स्टिकरचा संसर्ग टाळायला काडीचा उपयोग नाही, कारण खबरदारी प्रत्येक पेशंटच्या बाबतीत तीच घ्यायची असते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने पेशंटची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय, ते वेगळंच. तो स्टिकर म्हणजे 'मी याच्यातली नाही' असं जगाला सांगणं असतं. पेशंटला नावाऐवजी 'सात नंबर' म्हणणंही त्याच जातीचं. इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका रुग्णालयातल्या नर्सेसबद्दल १९६० मध्ये हेच नोंदवलं होतं, की पेशंटला खाटेच्या नंबराने किंवा आजाराने हाक मारली की त्याचं दुःख अंगाला लागत नाही.

सिस्टर या डागातून सुटल्यात असं समजू नका. माझ्यासाठी स्थळं बघायचे, तेव्हा समोरून पहिला प्रश्न यायचा, "नाइट ड्युटी असते का?" त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा. आजही वधू-वर मेळाव्याच्या बायोडेटात 'नर्स' लिहायचं टाळून 'मेडिकल फील्ड' लिहिणाऱ्या मुली मला भेटतात. ही नीतीच्या डागाची गोष्ट. मग अशी एखादी सिस्टर पुरुष पेशंटला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लावायची वेळ आली की दुसरं काम काढून निघून जाते. तुम्हाला वाटतं तिला येत नाही. तिला उत्तम येतं.

एकाच अपमानाने दोन माणसं दोन टोकांना कशी जातात, हे करोनात पाहिलं. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी ५ वाजता आमच्या कॉलनीत थाळ्या वाजल्या. पुढच्या काही दिवसांत सिडकोत एका खोलीत राहणाऱ्या आमच्या दोन सिस्टरांना घरमालकाने आठ दिवसांत खोली खाली करा म्हणून सांगितलं. दोघींनी कामावर चकार शब्द काढला नाही. चेंजिंग रूममध्ये त्यांच्या पिशव्या दिसल्या तेव्हा मला कळलं. त्यानंतर एक जण तापाच्या वॉर्डात ड्युटी लागली की आजारी पडायला लागली. दुसरी मागून मागून नाइट करायची, पीपीई काढायलाच तयार नसायची, जेवायची नाही. पहिलीला लोक भित्री म्हणाले, दुसरीला शूर. मला दोघींची सारखीच काळजी वाटत होती. २२ एप्रिल २०२० ला साथरोग कायद्यात बदल करणारा अध्यादेश आला. त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याला आणि छळाला ३ महिने ते ५ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड होता. कायद्याचा धाक चांगलाच. पण तोवर त्या दोघी महिनाभर एकट्या होत्या, आणि ते आमच्या डोळ्यांसमोर झालं.

आता उलटी बाजू. एका शवागारातले मामा मला आठवतात. प्रेत उचलण्याआधी ते हळूच म्हणायचे, "चला बाबा, कपडे बदलू." नातेवाईक भिंतीला टेकून नीट उभे आहेत याची खात्री केल्याशिवाय चेहऱ्यावरची चादर बाजूला करायचे नाहीत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आपल्या कामाची किंमत त्यांना स्वतःला माहीत होती, आणि ती त्यांच्या हातांत दिसायची.

त्या अभिमानातही एक खड्डा होता, तोही सांगते. मामा ग्लोव्ह्ज घालायचे नाहीत. "आमचं रक्त पक्कं झालंय, सिस्टर." जगाने ज्याला अस्पृश्य ठरवलं, त्याला उघड्या हाताने शिवणं हीच त्यांची मर्दुमकी झाली होती. मी चार महिने जंतूंबद्दल बोलले, काही फरक पडला नाही. शेवटी नव्या दोन मुलांना शिकवायचं काम मी त्यांच्याकडे दिलं. दुसऱ्या दिवशी मामांच्या हातात ग्लोव्ह्ज होते, आणि मुलांनी घातले नाहीत तर ते ओरडत होते. शवागारात काम करणारा दारू प्यायल्याशिवाय हे करूच शकत नाही, असं म्हणणारे साहेब मी खूप पाहिलेत. कृपा करून असं कधी म्हणू नका. त्या वाक्याने व्यसनाला परवाना मिळतो आणि कामाला शिवी.

एक सावधगिरी. सगळंच कमीपणाच्या खाती टाकू नका. रात्री ३५ पेशंटना एकच मावशी असेल तर हाक मारल्यावर ती येणारच नाही, तिला दोनच पाय आहेत. पगार तुम्ही ७ तारखेला ठेकेदाराला देता की मावशीला, तेही विचारा. ठेकेदाराकडून तो २० तारखेला पोचत असेल तर माझं सगळं बोलणं बाजूला ठेवा आणि आधी ते दुरुस्त करा. ओळखायची खूण साधी आहे. माणसं पुरेशी असतानाही ठरावीक कामं किंवा ठरावीक पेशंटच टाळले जात असतील, तर तो डागाचा प्रश्न.

मग करायचं काय? सत्कार करू नका. नारळ, शाल आणि 'योद्धा' लिहिलेलं प्रमाणपत्र घेऊन ती पुन्हा जिन्याखालीच चहा प्यायला जाणार असेल, तर तिला ते जास्त लागतं. ड्युटीच्या फळ्यावर सिस्टरांच्या नावाखाली मावशींचं आणि मामांचं पूर्ण नाव लिहा, 'आया - १' असं लिहू नका. त्यांना कपडे बदलायला कडी लागणारी खोली, कुलपाचं कपाट आणि अंघोळीला गरम पाणी द्या. घामाने आणि फिनेलने वास येणाऱ्या अंगाने शेअर रिक्षात बसल्यावर शेजारची बाई कशी सरकते, हे त्या रोज सोसतात. त्या कडीच्या खोलीचा फरक मी एका रुग्णालयात महिन्याभरात पाहिलाय. चहाचे कप सगळ्यांचे एकसारखे घ्या, एकाच ट्रेमध्ये. पहिल्यांदा तुम्ही स्वतः त्या ट्रेमधला कप उचला, कुणाचा आहे ते न बघता.

सुई टोचली तर परवानगी कुणाचीच लागू नये. साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, आणि थेट कॅज्युअल्टीत जायचं. तिथल्या डॉक्टरने "कशी टोचली, लक्ष कुठे होतं?" हा प्रश्न त्या दिवशी विचारायचा नाही. तो आठवड्याने विचारा, आणि तेव्हा सुया पांढऱ्या डब्यात न टाकता ट्रेमध्ये कुणी ठेवल्या, तेही विचारा. बहुतेक वेळा मावशीला टोचलेली सुई दुसऱ्या कुणीतरी टाकलेली असते.

आणि ओव्हरमध्ये मावशींना दोन मिनिटं द्या. माझ्या अनुभवात यापेक्षा जास्त उपयोगी पडलेलं काही नाही. त्या आजोबांच्या प्रसंगानंतर मी माझ्या वॉर्डात सुरू केलं, की रात्रीच्या मावशी ओव्हरला खाटेपाशी उभ्या राहणार, आणि मी त्यांना सगळ्यांसमोर विचारणार, "मावशी, रात्री काय पाहिलंत?" पहिला आठवडा उत्तर आलं, "काही नाही." दुसऱ्या आठवड्यात एक दिवस त्या म्हणाल्या, "अकरा नंबरच्या ताईंची लघवी रात्रीपासून झालीच नाही, पॉट कोरडाच आहे." डॉक्टरांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती वाजल्यापासून?" मावशींनी वेळ सांगितली. त्या दिवसापासून त्या ओव्हरच्या वेळी पदर नीट करून, माझ्या आधीच येऊन उभ्या राहायच्या.

तुमच्या मावशीला 'घरी खोटं का सांगतेस' असं विचारू नका, तो तिचा आणि तिच्या लेकरांचा मामला आहे. तिला ओव्हरला उभी करा. पंधरा दिवसांनीही नोटीस द्यावीशी वाटली तर जरूर द्या, पण लिहिताना चुकलेलं काम, तारीख, वेळ, आणि त्या वेळी वॉर्डात पेशंट किती नि मावशी किती होत्या, हे सगळं त्यात येऊ द्या. आणि ती नोटीस तिच्या हातात देताना तिला बसायला खुर्ची द्या.